झोपडीपासून कमळापर्यंत: राजापूर मतदारसंघ आणि त्याचे मतदार

कातळवाट (९ जून २०२४, रात्री १०:१२)

लोकसभेचा निकाल लागून पाच दिवस झाले, तरी आमच्या वाडीत सहाणेवर (पालखी ठेवायच्या ओट्यावर) दुसरा विषय नाही. भाजपचे नारायण राणे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजारांनी आले, ठाकरेंच्या सेनेचे विनायक राऊत पडले, एवढं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. विधानसभानिहाय आकडे कुणी नीट पाहिलेत का? चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तिन्हींत राऊत पुढे. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या तिन्हींत राणे पुढे. खासदार एक, पण दोन जिल्ह्यांनी दोन वेगळे निकाल दिले.

मी लांजा तालुक्यातला. २००८ च्या पुनर्रचनेआधी आमचा मतदारसंघ होता राजापूर. आजचा सगळा सिंधुदुर्ग आणि त्याला लागून राजापूर-लांजा. २००९ पासून रत्नागिरी आणि चिपळूण जोडलं आणि नाव झालं रत्नागिरी-सिंधुदुर्ग. मला बोलायचंय ते जुन्या राजापूरबद्दल, कारण त्याचं एक कोडं मला लहानपणापासून सुटलेलं नाही.

१९५७ ते १९९१ अशी सलग चौतीस वर्षं या मतदारसंघाने दिल्लीला समाजवादीच खासदार पाठवला. माणसं फक्त दोन. बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ ला. जानेवारी १९७१ मध्ये ते बेळगावला गेले, वय पन्नासही नव्हतं. दोन महिन्यांत निवडणूक आली आणि प्रा. मधु दंडवते उभे राहिले. १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९ अशा पाच वेळा तेच. १९७१ ला इंदिरा गांधींची लाट होती. त्या लाटेत प्रजासमाजवादी पक्षाचे देशभरात दोनच खासदार आले, त्यातले एक राजापूरचे. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या पाचांत पुन्हा राजापूर.

हा काही श्रीमंत, शिकलेल्या शहराचा मतदारसंघ नव्हता. भाताची खाचरं, वरकस जमीन, आंबा-काजू, मासेमारी. साखर कारखाना नाही, सहकारी बँकांचं जाळं नाही, दूध संघ नाही. घाटावर काँग्रेस ज्या संस्थांच्या पायावर उभी राहिली, त्यातली एकही इथे नव्हती. होत्या त्या शाळा, वाचनालयं, समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलाची शाखा आणि कणकवलीचा अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम. घरात होती मुंबईहून येणारी मनीऑर्डर.

माझं म्हणणं असं, की हे कोडं मनीऑर्डरनेच सुटतं. कमावता माणूस लालबाग-परळला गिरणीत. तिथे त्याच्या कानावर युनियन पडते, संयुक्त महाराष्ट्राची सभा पडते, तो संपात उतरतो. गावात मतदार म्हणून उरतात बायका आणि म्हातारी माणसं. मत गावात पडायचं, पण ते मुंबईत ठरायचं आणि पत्रातून घरी यायचं. मुंबई डावी-समाजवादी होती तोवर राजापूर समाजवादी. मुंबई भगवी झाली तसं गावही झालं. १९९६ पासून चार वेळा सुरेश प्रभू शिवसेनेच्या धनुष्यबाणावर आले ते त्यामुळे.

आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दंडवते १९८९ ला अर्थमंत्री झाले, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. ज्या गाडीची आमच्या आजोबांच्या पिढीने नुसती वाट पाहिली, ती खरोखर येणार होती. आणि पुढच्याच वर्षी आम्ही दंडवतेंना पाडलं. का? ज्यांनी ती निवडणूक पाहिली आहे त्यांनी कृपा करून लिहा. आठवणी आत्ता नोंदवल्या नाहीत तर सांगणारं कुणी उरणार नाही.

दर्यासारंग (१० जून, सकाळी ७:४०)

धागा काढलात, बरं केलंत. मी मालवणचा. माझ्या आजोबांनी नाथ पैंची सभा ऐकली होती, ती गोष्ट आमच्या घरात दर गणपतीत व्हायची. रात्री गॅसबत्तीच्या उजेडात सभा, माणसं होड्यांतून, बैलगाड्यांतून आलेली. आजो म्हणा, "तेचा बोलणा आयकान माणसा घराक जाऊक तयार नसत." निम्मं भाषण समजायचं नाही, कारण ते राज्यघटनेवर बोलायचे, काश्मीरवर बोलायचे, गोव्याच्या मुक्तीवर बोलायचे. तरी बसायचे. वेंगुर्ल्याचा मुलगा, लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला, आणि संसदेत नेहरू त्याचं ऐकतात, याचा अभिमान होता.

तुमच्या मनीऑर्डरीच्या सिद्धांतात हा अभिमान कुठे बसतो? १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं, ते मान्य. पण १९६२ ला ते वारं पडलं होतं, महाराष्ट्रभर काँग्रेस आली होती, तरी राजापुरात झोपडीवरच, म्हणजे प्रजासमाजवाद्यांच्या निशाणीवरच, शिक्का बसला. मुंबईच्या पत्राने एवढं होत नाही. माणूस आवडावा लागतो.

गोलकनाथ खटल्याचा निकाल १९६७ ला आला, मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही असा. त्यावर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून खासगी विधेयक मांडलं ते नाथ पैंनी. विरोधी बाकावरच्या, एका कोपऱ्यातल्या मतदारसंघाच्या खासदाराने. आमच्या किनाऱ्यावरच्या खारव्या-गाबतांच्या, भंडाऱ्यांच्या मतांवर निवडून आलेला माणूस देशाच्या घटनेवर वाद घालत होता. हे आज आमच्या शाळांत शिकवत नाहीत, याचं वाईट वाटतं.

कुळाचं_रान (१० जून, दुपारी १:०५)

दोघांचंही वाचलं. दोघांनी एक शब्द लिहिलेला नाही: खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार.

मी राजापूर तालुक्यातला कुणबी. आमच्या पणजोबांनी खोताच्या जमिनी केल्या. पीक उभं असताना अंदाज बांधायचे आणि त्यावर मक्ता ठरायचा, शिवाय वेठ वेगळी. डॉ. आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. कायद्याने खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर, आणि प्रत्यक्षात कूळ म्हणून सातबाऱ्यावर नाव लागायला पुढे कित्येक घरांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आमचं एक रान अजून लागलेलं नाही.

तर आमच्यासाठी मत म्हणजे आधी जमिनीचा प्रश्न होता. समाजवादी कार्यकर्ते चांगलेच होते, त्यांच्याबद्दल आमच्याकडे कुणी वाईट बोलत नाही. पण गावात त्यांची सभा कुणाच्या अंगणात व्हायची? गुरुजी कोण, वाचनालयाचे चिटणीस कोण? वाडीनिहाय बघा, उत्तर मिळेल. आमचे पुढारी शामराव पेजे. ते काँग्रेसमध्ये राहिले आणि आमच्यातली पुष्कळ घरं त्यांच्यामागे काँग्रेसला मत देत आली. राजापूर-लांजा म्हणजे सगळं समाजवादी, हे चित्र बाहेरून बघणाऱ्यांचं आहे.

चौतीस वर्षं खासदार समाजवादी होता हे खरं. पण त्या चौतीस वर्षांत काँग्रेसला पडलेली मतंही आमच्याच गावांतली होती. त्यांचा इतिहास कोण लिहिणार?

आकडेमोड (१० जून, दुपारी ३:३०)

चर्चेला लागतील म्हणून थोडे संदर्भ देतो.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच. म्हणजे नाथ पै आयुष्यभर रत्नागिरी जिल्ह्याचेच खासदार होते.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी साधारण १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. त्या काळात राज्याची लोकसंख्या वाढत होती.

२०११ ला रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६.

२००९ ला नारायण राणेंचे चिरंजीव नीलेश राणे काँग्रेसकडून प्रभूंविरुद्ध पन्नास हजारांच्या आत जिंकले. २०१४ ला राऊतांनी त्यांना दीड लाखाने हरवलं, २०१९ ला पावणेदोन लाखांहून जास्त फरकाने. यंदा पुन्हा पन्नास हजारांच्या आत.

तिसरी_पाळी (१० जून, रात्री ११:५०)

कातळवाट, तुमचा धागा ऑफिसातून येताना लोकलमध्ये वाचला आणि डोळ्यांत पाणी आलं. माझे वडील काळाचौकीजवळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मूळ गाव कणकवली तालुक्यात. मी जन्मलो-वाढलो मुंबईत, पण मे महिना, गणपती आणि शिमगा कधी चुकला नाही.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगतो. मुंबईत गावाची एक खोली असायची. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं. पहिल्या पाळीची माणसं उठून गेली की तिसऱ्या पाळीची त्याच जागी अंथरूण टाकायची. जेवण खानावळीत, तीही गावाकडच्याच एखाद्या बाईची. खोलीच्या भिंतीला प्रत्येकाची एक पेटी आणि एक खुंटी. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचं छप्पर, विहिरीचा वाद, सगळं त्या खोलीत रविवारी बसून ठरायचं. गावपॅनेलही तिथेच. त्यामुळे मत मुंबईत ठरायचं हे मला खरं वाटतं, कारण मी ते ठरताना पाहिलंय.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं. पहिले सहा महिने वडील म्हणायचे, दिवाळीपर्यंत सुटेल. मग आईचे दागिने गेले. मग खोलीतली माणसं एकेक करून गावाला गेली, कारण गावात निदान तांदूळ होता. जी माणसं आयुष्यभर पैसे पाठवत आली, ती रिकाम्या हाताने घरी परतली. आमच्या काकांनी ते मनाला लावून घेतलं, ते पुढे कुणाशी फारसं बोललेच नाहीत.

आता १९८४ ची निवडणूक बघा. दक्षिण-मध्य मुंबईतून संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत अपक्ष निवडून आले. राजापुरातून दंडवते. काँग्रेस हरलेल्या पाच जागांतल्या या दोन. माझ्या वडिलांचं नाव मुंबईच्या यादीत, त्यांनी मत दिलं सामंतांना. आजीचं नाव गावच्या यादीत, तिने दिलं दंडवतेंना. एका कुटुंबाने एकाच निवडणुकीत दोन खासदार निवडून दिले आणि दोन्ही मतं काँग्रेसच्या विरोधात होती. ही एका घराची गोष्ट नाही, अशी हजारो घरं होती.

मग समाजवादी का संपले? संप हरला, त्याबरोबर युनियनवरचा विश्वास हरला. गिरणीतल्या माणसाची जी ओळख होती, कामगार म्हणून, ती गेली. त्याच्या मुलाला नोकरी नव्हती. नाक्यावर शिवसेनेची शाखा होती. शाखेत त्याला कुणीतरी नावाने हाक मारायचं, दवाखान्यात खाट मिळवून द्यायचं, शाळेच्या प्रवेशाला बरोबर यायचं. समाजवाद्यांकडे फार चांगली भाषणं होती, पण रात्री दोन वाजता रुग्णालयात येणारा माणूस नव्हता. हे मी दंडवतेंबद्दलच्या पूर्ण आदराने लिहितोय. १९९० ला नारायण राणे मालवणातून आमदार झाले. ते चेंबूरचे शाखाप्रमुख, नगरसेवक. मुंबईची शाखा गावात कशी आली याचं याहून थेट उदाहरण नाही. ज्या खोलीतून आधी समाजवादी मत गावाला जायचं, त्याच वाटेने आठ-दहा वर्षांनी भगवा झेंडा गेला.

१९९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत आले ते या दोन काळांच्या मधल्या फटीत. जुनं काँग्रेसविरोधी मत आता एका जागी नव्हतं. रेल्वे यायची होती, पण १९९१ ला गावात दिसत होते फक्त मोजणीचे दगड, आणि कुणाची बाग जाणार याची भीती. पूर्ण मार्गावर गाडी धावली २६ जानेवारी १९९८ ला. तोवर दंडवते आमचे खासदार राहिले नव्हते.

सावंतवाडी_रोड (११ जून, सकाळी ९:१५)

रेल्वेचा विषय निघालाच आहे म्हणून.

दंडवते रेल्वेमंत्री होते १९७७ ते १९७९. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर गादी बसवली ती त्यांच्या काळात. त्याआधी लांबच्या प्रवासाला गरीब माणूस रात्रभर फळीवर अंग मोडून यायचा. १९७४ च्या संपात काढलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं तेही त्यांनीच. आणि आपट्यापासून रोह्यापर्यंतच्या मार्गाला हात घातला, जो पुढे कोकण रेल्वेचा उंबरठा ठरला.

राजापूरचा दुसरा माजी खासदार, सुरेश प्रभू, २०१४ ला रेल्वेमंत्री झाला. खासदार होता हरियाणातून, राज्यसभेवर. म्हणजे या एका मतदारसंघाने देशाला दोन रेल्वेमंत्री दिले. असं असूनही आज सावंतवाडीचं टर्मिनस अर्धवट पडलंय, गणपतीत आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत संपतं, आणि गोवा-केरळला जाणाऱ्या कित्येक गाड्या आमच्या स्थानकांवरून न थांबता निघून जातात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी फलाटावर उभं राहून गाडी जाताना बघायची. टर्मिनसला दंडवतेंचं नाव द्यावं अशी मागणी आहे, माझाही तिला पाठिंबा आहे, पण आधी ते पूर्ण करा.

कुडाळकर_७२ (११ जून, सकाळी ११:३०)

या धाग्यावर राणेसाहेबांचं नाव फक्त निकाल आणि शाखा सांगायला आलं. मी त्यांचा मतदार आहे आणि मोकळेपणाने लिहितो.

१९९० आधीचा सिंधुदुर्ग मी पाहिलाय. गंभीर आजारी माणूस असला की गोव्यात न्यायचा किंवा मुंबईला. वाटेतच गेलेले किती. १९९७ ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यामागे कोण होतं ते जिल्ह्यातल्या माणसांना माहीत आहे. १९९९ ला आमच्या जिल्ह्याचा माणूस मुख्यमंत्री झाला, थोडेच महिने, पण झाला. २००५ ला ते सेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, पोटनिवडणूक लागली, सगळी सेना मालवणात उतरली होती. तरी लोकांनी त्यांनाच मोठ्या फरकाने निवडलं. याचा अर्थ मत पक्षाला नव्हतं.

आणि त्याच लोकांनी २०१४ ला कुडाळात त्यांना पाडलंसुद्धा. लोकसभेला नीलेश पडले, तेव्हा आघाडीतले दीपक केसरकरच उघड विरोधात गेले होते. सिंधुदुर्गचा मतदार कुणाच्या खिशात नाही, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावं. यंदा आम्ही दिल्लीत वजन असलेला, आमचा माणूस म्हणून मत दिलं. कमळ इथे लोकसभेला पहिल्यांदाच जिंकलं, त्यात कमळापेक्षा माणसाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

कातळवाट (११ जून, दुपारी २:२०)

कुळाचं_रान, तुमचा मुद्दा मी सोडून दिला होता आणि तो सोडण्यासारखा नव्हता. आमचं घर शिक्षकाचं. सभा आमच्याच अंगणात व्हायच्या. तुमच्या वाडीतली माणसं त्या सभेत कुठे बसायची, हे मी लहानपणी पाहिलंय आणि त्याबद्दल कधी विचार केला नव्हता.

पण एक विचारतो. तुमच्या वाडीतलीही माणसं गिरणीतच होती ना? मग तुमच्याकडे मुंबईहून काय यायचं?

कुळाचं_रान (११ जून, दुपारी ४:४५)

गिरणीत होती, गोदीत होती, घरकामाला होती. आमची वेगळी खोली, वेगळं मंडळ. तिथे कुणबी समाजाच्या सभा. शाळेची फी, वसतिगृह, कुणाला नोकरीला लावणं. मुंबईहून आमच्याकडेही निरोप यायचा, पण तुमच्याकडे येणारा निरोप आणि आमच्याकडचा निरोप एक नसायचा.

२०२४ मध्ये राजापूरने राऊतांच्या मशालीला आघाडी दिली. त्यातही आमची मतं आहेत. त्यामागे सेनेचं प्रेम किती आणि कातळाची काळजी किती, ते ज्याचं त्याला माहीत.

सड्यावरचा (११ जून, रात्री ९:००)

कातळाचं नाव निघालं. मी बारसूच्या शेजारच्या गावातला.

आमच्या तालुक्याला गेल्या पंधरा वर्षांत लोकांनी तीन नावांनी ओळखलं: जैतापूर, नाणार, बारसू. आधी अणुऊर्जा प्रकल्प, माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ९९०० मेगावॉट. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाट्यात गोळीबार झाला, एक तरुण गेला. मग २०१७ पासून नाणारची रिफायनरी. फेब्रुवारी २०१९ मध्ये सेना-भाजपची युती झाली तेव्हा नाणार रद्द करणं ही युतीची अट होती, आणि मार्चमध्ये ते रद्द झालं. राऊतांना २०१९ ला मिळालेल्या मोठ्या आघाडीत आमच्या भागाचा हा आनंद आहे. मग २०२२ च्या जानेवारीत मुख्यमंत्री असताना उद्धव ठाकरे यांनीच केंद्राला बारसूची जागा सुचवणारं पत्र लिहिलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाला ड्रिल आले, बायका सड्यावर उन्हात आडव्या झाल्या, पोलिसांची अश्रुधुराची नळकांडी फुटली. मे महिन्यात ठाकरे आम्हाला भेटायला आले आणि विरोध करतो म्हणाले.

आम्ही त्या पत्राचं विसरलो नाही. तरी मत मशालीला गेलं, कारण समोरचे रिफायनरी आणणारच असं सांगत होते. मत देताना आमच्यापुढे निवड एवढीच होती.

बाहेरच्यांना सडा म्हणजे पडीक जमीन वाटते. त्यावर पावसाळ्यात गवत होतं, गुरं जगतात, खाली झरे त्याच्यावर जगतात, आंब्याच्या बागा त्याच कातळात सुरुंग लावून केल्या आहेत. आणि कातळशिल्पं. बारसूची, देवीहसोळची, देवाचे गोठण्याची. २०२२ पासून कोकणची कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. आमच्या गावात काही तरुणांना रिफायनरी हवी आहे, हेही खरं लिहितो. त्यांचा प्रश्न असतो, पोरगी कोण देणार बिननोकरीच्या मुलाला? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

वाडीतली_सून (१२ जून, दुपारी २:१०)

तीन दिवस नुसती वाचते आहे. आता भात पेरून झालंय म्हणून जरा वेळ मिळाला.

दर हजारी ११२२ बायका असं वर आकड्यांत आहे. सगळ्यांनी वाचलं आणि पुढे गेले. या मतदारसंघाच्या मतदारयादीत बायका जास्त, आणि आजवरच्या खासदारांच्या यादीत एकही बाई नाही. मधु दंडवतेंच्या पत्नी प्रमिलाताई १९८० ला खासदार झाल्या, त्याही मुंबईतून.

पहिल्याच लेखात वाचलं, "गावात मतदार म्हणून उरतात बायका आणि म्हातारी माणसं." उरतात? गाव चालवत कोण होतं? लावणी, कापणी, गुरं, सासू-सासऱ्यांचं आजारपण, मुलांची शाळा, गणपती आणायचा कुणी, शेजाऱ्याशी बांधाचा वाद कुणी निस्तरायचा. मुंबईचा माणूस वर्षातून पंधरा दिवस यायचा. आणि मत मात्र त्याने पत्रातून सांगितलं म्हणून आम्ही दिलं?

आमच्याकडे जूनपासून एवढा पाऊस पडतो की भिंतींना बुरा चढतो, आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट बघायची. मी लग्न होऊन आले त्याला बावीस वर्षं झाली, दर निवडणुकीला नळयोजना ऐकते. या मे महिन्यात ७ तारखेला मतदानाला गेले, तेव्हा सकाळी आधी विहिरीवर नंबर लावला आणि मग केंद्रावर. रांगेत आमच्या वाडीतल्या बायका बोलत होत्या त्या पाण्याबद्दल आणि गाडी किती तासांनी पोचली त्याबद्दल, कारण महामार्ग अजून पूर्ण नाही आणि सगळ्यांची मुलं मुंबईहून यायची होती. घटना धोक्यात आहे का, सेना खरी कुणाची, हेही बोलत होत्या. आता नवऱ्याच्या पत्राची गरज नाही, फोनवर सगळं दिसतं. बचतगटात बोलतो आम्ही.

तिसरी_पाळी (१२ जून, संध्याकाळी ६:३०)

ताई, तुमचं बरोबर आहे आणि माझंही त्यात चुकलं. खोलीत ठरायचं ते मी पाहिलं. ते गावात पोचल्यावर काय व्हायचं, ते मी पाहिलेलं नाही. आजीने दंडवतेंना मत दिलं हे मला वडिलांनी सांगितलं. आजीने स्वतः कधी सांगितलं नव्हतं.

कातळवाट (१२ जून, रात्री ८:००)

वाडीतली_सून, "उरतात" हा शब्द मी मागे घेतो. एक विनंती आहे. तुमच्या सासूबाई असतील तर त्यांना विचाराल का? नाथ पै, दंडवते यांच्या वेळी त्यांनी मत कसं ठरवलं, पत्र येत होतं का, त्यात काही असायचं का.

वाडीतली_सून (१४ जून, दुपारी ३:२५)

काल रात्री वीज गेली होती, तेव्हा विचारलं. सासूबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. कान मंद झाले, बाकी सगळं आठवतं.

पहिलं मत त्यांनी दिलं ते १९६७ ला, झोपडीवर. पत्रं यायची म्हणाल्या, पण त्यांना वाचता येत नव्हतं. वाचून दाखवायचे शाळेतले गुरुजी, सेवा दलाचे. गुरुजी पत्र वाचायचे आणि मग निवडणूक आली की म्हणायचे, मुंबईचंही हेच म्हणणं आहे हो. ते पत्रात लिहिलेलं असायचं की गुरुजी आपलं सांगायचे, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही. पण गुरुजींनी त्यांच्या दोन मुलींची नावं शाळेत घालायला लावली, घरी येऊन सासऱ्यांशी भांडून. "ते सांगत ते खोटं असणार नाही असं वाटायचं," म्हणाल्या. १९९१ ला काय केलंत विचारलं, तर म्हणाल्या, गुरुजी त्याच्या दोन वर्षं आधी गेले, नंतर कुणी घरी आलंच नाही. मत द्यायला त्या गेल्या नाहीत. जाऊ दिलं नाही असं नाही, जावंसं वाटलं नाही.

पत्रं वाळवीने खाल्ली. मनीऑर्डरीची कुपनं मात्र एका पत्र्याच्या डब्यात आहेत, खाली निरोप लिहायला दोन बोटं जागा असते ती. आज सकाळी मी सगळी काढून बघितली, साठ-सत्तर असतील, १९६६ पासून १९८१ च्या डिसेंबरपर्यंत. शेवटचं संपाच्या आधीच्या महिन्यातलं आहे. एकावरही निवडणुकीचं अक्षर नाही. रक्कम, तारीख, आणि बहुतेकांवर एकच ओळ: लावणीला रजा मिळाली तर येतो.